उसनवारीची वही

नवे भांडे घरात आले की त्यात आधी थोडे पाणी तापवून पाहावे. पहिल्याच दिवशी पुरणाचा घाट घालू नये. संगणकाच्या नव्या भाषेचेही असेच आहे. गेल्या पावसाळ्यात मी ‘रस्ट’ नावाची भाषा शिकायला घेतली, तेव्हा काम निवडले ते अगदी लहान: माझ्या पुस्तकांच्या उसनवारीची वही. कोणी कोणते पुस्तक नेले आणि परत केले की नाही, एवढेच. त्यामागे थोडा रागही होता, हे कबूल करतो. लोक पुस्तके नेतात आणि विसरतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

या भाषेचा जन्मही रागातूनच झाला म्हणतात. कॅनडातील व्हँकुव्हर येथे राहणाऱ्या ग्रेडन होअर यांच्या इमारतीतील लिफ्ट तिच्या प्रोग्रॅममधील दोषामुळे बंद पडे, आणि त्यांना एकविसाव्या मजल्यापर्यंत जिने चढावे लागत. २००६ साली त्यांनी हौसेने ही भाषा रचायला घेतली. तिची पहिली स्थिर आवृत्ती निघाली १५ मे २०१५ रोजी. नाव लोखंडाच्या गंजावरून नव्हे, बुरशीवरून ठेवले. आपले शेतकरी गव्हावरच्या त्या रोगाला तांबेरा म्हणतात.

गंमत अशी की, या भाषेचे सारे शास्त्रच मालकी आणि उसनवारी यांवर उभे आहे. प्रत्येक वस्तूला मालक एकच. वस्तू देऊन टाकली की जुन्या मालकाने तिला हात लावायचा नाही. नुसती पाहायला ती हव्या तितक्या जणांना उसनी द्यावी. पण कोणाला बदल करण्यासाठी दिली, तर तेवढा वेळ इतर कोणी, खुद्द मालकानेही, तिच्याकडे फिरकू नये. ‘सी’सारखी जुनी भाषा असली चूक मुकाट्याने पोटात घालते आणि महिन्यांनी भलत्या वेळी दगा देते. रस्टचा कंपायलर, म्हणजे आपले लिखाण तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, उंबरठ्यावरच अडवतो. पहिल्या आठवड्यात मी इतका चिडलो की जिथे तिथे ‘क्लोन’ लिहून वस्तूंच्या नकला काढीत सुटलो. तक्रार मिटली, काम मात्र कळकट झाले.

तेव्हा मनात एक प्रश्न आला. ज्याला चूक करूच दिली जात नाही, त्याच्या सरळ वागण्याला सचोटी म्हणावे काय?

वहीत मी पुस्तकाच्या दोनच स्थिती मांडल्या होत्या: ‘घरात’ आणि ‘दिलेले’. कंपायलर प्रसन्न होता. मग नावे भरताना कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक प्रवासवर्णन हाती आले. पहिल्या पानावर शेजारच्या मास्तरांची सही. मास्तरांना जाऊन चार वर्षे झाली.

पुस्तक हातात धरून मी बराच वेळ बसलो. मग तिसरी स्थिती लिहिली: ‘आणलेले’. त्यासरशी कंपायलरने मला पाच ठिकाणी अडवले. परत मागायच्या यादीत याचे काय करायचे? मुदत कशी मोजायची? मालक कोण? ‘उरलेले सारे’ असे मोघम लिहून इथूनही सुटता येते. मोह झाला नाही असे नाही. पण पाचही उत्तरे लिहिली.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले असे वाटते. तो तिसरा शब्द मी लिहिलाच नसता, तर कोणताही कंपायलर मला हटकणार नव्हता. माझी लबाड वही त्याच्या लेखी निर्दोषच होती! कबूल केलेल्या गोष्टींचा हिशेब तो चोख ठेवतो. कबुली मात्र मागत नाही.

शोधता शोधता ‘आणलेले’ सात निघाली, ‘दिलेले’ पाचच. मास्तरांच्या पुस्तकासमोर मालकाचा रकाना अजून रिकामा आहे. मास्तरीणबाई हल्ली नाशिकला मुलीकडे असतात. फराळाच्या डब्याबरोबर पुस्तक पाठवून द्यावे असा माझा बेत होता. “पाठवता काय? स्वतः जा,” ही म्हणाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचे तिकीट काढले आहे.