पात्र आणि पात्रता

मराठीतील ‘पात्र’ ह्या शब्दावर अनेक अर्थांचा भार पडलेला आहे. पूजेतले भांडे ते पात्र, नदी ज्यातून वाहते ते पात्र, नाटकात रंगभूमीवर येते तेही पात्र. आणि दान, मान किंवा विश्वास ज्याच्या ठायी ठेवावा असा मनुष्यही पात्रच. पहिल्या दोन अर्थांनी कोणाचे काही बिघडत नाही. घोटाळा होतो तो शेवटच्या दोहोंचा. नाटकात ज्याला पात्र होता आले नाही तो घरी जाताना स्वतःला अपात्र समजू लागतो. आणि ज्याने त्याला नाकारले त्यालाही, आपण भूमिकेपुरता माणूस पारखला की माणसाचीच किंमत केली, हे विचारल्यास नीट सांगता येत नाही. ह्या घोटाळ्याचा थोडा उलगडा करून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वी महाविद्यालयात हा प्रश्न वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनाच्या नाटकाच्या वेळी उद्भवे. पुढे एकांकिकांच्या स्पर्धा आल्या. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाची परंपरा १९६३ पासूनची आहे. आता तर कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात असल्यामुळे विद्यार्थी वर्षभर लघुपट काढीत असतात, आणि प्रत्येक लघुपटाआधी ते ज्याला ऑडिशन म्हणतात तो विधी पार पडतो. विधी साधा असतो. फलकावर सूचना लागते. एखाद्या रिकाम्या वर्गातील बाके भिंतीशी सारली जातात, ट्रायपॉडवर कॅमेरा चढतो, आणि त्याच्यामागे तीन-चार विद्यार्थी परीक्षकाच्या गांभीर्याने बसतात. उमेदवाराने नाव सांगावयाचे, एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे वळावयाचे, हाती दिलेले संहितेचे पान वाचावयाचे. समोरच्या पात्राची वाक्ये कोणीतरी निर्विकार स्वरात वाचून दाखवितो. पाच-सात मिनिटांत सारे आटोपते, आणि ‘कळवतो’ ह्या शब्दाने उमेदवाराची बोळवण होते. वीस आले तर त्यांतल्या अठरांना पुढे कधीच काही कळविले जात नाही.

कोणी म्हणेल, परीक्षेतही मुले नापास होतातच. मग ह्यात विशेष ते काय? विशेष हे की, परीक्षेत तपासली जाते ती उत्तरपत्रिका. ती विद्यार्थ्यापासून वेगळी काढता येते, पुन्हा तपासून घेता येते, आणि अभ्यास वाढवून पुढल्या वर्षी सुधारता येते. ऑडिशनमध्ये तपासले जाते ते नाक, कांती, उंची, आवाजाचा पोत, चालण्याची ढब. ही कोणी कमावलेली नसतात, आणि ठरविले म्हणून बदलतही नाहीत. जे हातचे नाही त्याबद्दल एखाद्याला मागे सारणे हा न्याय म्हणावयाचा काय?

‘राजनीती’ ह्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात ॲरिस्टॉटलने ह्याच जातीचा एक प्रश्न बासरीच्या दृष्टांताने सोडविला आहे. उत्तम बासरी कोणाला द्यावी? कुळाने थोर असेल त्याला नव्हे, रूपाने देखणा असेल त्यालाही नव्हे, तर जो ती उत्तम वाजवील त्याला; कारण कुळाने किंवा रूपाने वादनात काडीचीही भर पडत नाही. उत्तर इतके सरळ आहे की ते जसेच्या तसे ऑडिशनला लावावे असा मोह होतो. परंतु येथेच दृष्टांत अडतो. नटाच्या बाबतीत वाजविणारा आणि बासरी ही दोन नाहीत. त्याचा देह हेच त्याचे वाद्य. तेव्हा रूपाचा विचार वर्ज्य करा असे म्हणणे म्हणजे वाद्याकडे पाठ करून वादक निवडा असे म्हणण्यासारखे आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या भूमिकेला पंचविशीचा तरुण, तो कितीही गुणी असला तरी, कॅमेऱ्यापुढे चालत नाही, आणि त्याला ‘नाही’ म्हणण्यात त्याच्यावर कसलाही अन्याय होत नाही. निवडीत रूप पाहिले जाते ह्याबद्दल माझी तक्रार नाही. रूप पाहताना आपण नेमके काय पाहतो, हा माझा प्रश्न आहे.

भरताने नाट्यशास्त्रात पात्रयोजनेचा स्वतंत्र विचार केला आहे. देव, राक्षस, राजे ह्यांच्या भूमिकांना कोणत्या बांध्याची माणसे शोभतील हे तो सांगतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. स्त्रीने स्त्रीची व पुरुषाने पुरुषाची भूमिका करणे हा अनुरूप प्रकार. बालाने वृद्धाची किंवा वृद्धाने बालाची करणे हा विरूप. आणि पुरुषाने स्त्रीरूप घेणे हा आणखी एक प्रकार, अशी वाटणी तो करतो. म्हणजे ‘शोभणे’ ही एकच एक ठरीव गोष्ट नव्हे, हे त्या प्राचीन शास्त्रकारासही ठाऊक होते. आपला अर्वाचीन इतिहास तर ह्याचा जिवंत पुरावाच आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ काढीत असता तारामतीच्या भूमिकेला एकही स्त्री मिळेना. समाजाने ज्यांना बाहेर ठेवले होते अशा बायकांनीही चित्रपटात येणे नाकारले. अखेरीस उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, आणि ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये त्यांनीच राम व सीता दोन्ही भूमिका केल्या! १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आले तेव्हा भामिनी होते ते बालगंधर्व, आणि त्यानंतर कित्येक वर्षे महाराष्ट्राने स्त्रीरूपाचा आदर्श एका पुरुषाच्या ठायी पाहिला. जे डोळ्यांना आज ‘अगदी स्वाभाविक’ वाटते त्यातले बरेचसे सवयीचे असते. आणि सवय ही पुष्कळदा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उसनी आणलेली असते.

विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून अशा दोन-चार निवडींना मी बसलो आहे. एका लघुपटात मुलाच्या मृत्यूची वार्ता आईला सांगणाऱ्या डॉक्टर स्त्रीची भूमिका होती. मराठवाड्यातून शिकावयास आलेल्या एका सावळ्या मुलीने ते पान वाचले. आवाज एकदाही चढविला नाही. शेवटच्या वाक्याआधी ती क्षणभर थांबली, आणि त्या थांबण्यातच सारा प्रसंग सामावला. ती बाहेर गेल्यावर दिग्दर्शक विद्यार्थी म्हणाला, “वाचलं फार छान, सर, पण डॉक्टर वाटत नाही. घरकामाच्या मावशींचा एक प्रवेश आहे, तो तिला देऊ.” मी त्याला म्हटले, “डॉक्टर गोरी असते आणि तिचे हेल पुणेरी असतात, हे संहितेत कोठे आहे ते मला दाखव.” मुलगा प्रामाणिक होता. त्याने खरोखरच पाने उलटून पाहिली, आणि हसून मान हलविली. तथापि भूमिका दुसऱ्याच मुलीला मिळाली. चित्र त्यांचे होते, निर्णयही त्यांचाच असावयास हवा होता.

त्या मुलाने खोटे काही सांगितले नाही, हे लक्षात घ्यावयास हवे. त्याला ती डॉक्टर वाटली नाही हे खरेच होते. परंतु हे ‘वाटणे’ कोठून आले? जाहिरातींतून, मालिकांतून, आणि आपल्याच घरात कोण सोफ्यावर बसतो व कोण फरशीवर बसतो हे लहानपणापासून पाहिल्यामुळे. समाजाने माणसांना ज्या पायऱ्या नेमून दिल्या, त्याच पायऱ्यांवर त्याने पात्रे बसविली, आणि त्याला तो कलेची गरज म्हणत होता. भूमिकेची गरज आणि डोळ्यांची सवय ह्यांत भेद करण्याची एकच कसोटी मला सुचते: गरज संहितेत बोट ठेवून दाखविता येते, सवय दाखविता येत नाही. कसोटी ओबडधोबड आहे खरी; चांगल्या संहितेत न लिहिलेलेही पुष्कळ असते. पण निदान तिच्यामुळे निवडणाराला क्षणभर थांबावे लागते.

आणि ही सवय मोडली म्हणजे कलेचे नुकसान होते, असा अनुभव नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असता अरुण खोपकर ह्यांनी ‘तीव्र मध्यम’ हा विद्यार्थी-चित्रपट केला, त्यात दूरदर्शनवर बातम्या देणारी एक सावळी तरुणी कॅमेऱ्यापुढे आली. ती स्मिता पाटील. पुढे ‘भूमिका’ (१९७७) ह्या चित्रपटासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ओम पुरी ह्यांच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. नायकाचा चेहरा कसा असावा ह्या प्रचलित कल्पनेत तो बसणारा नव्हताच. १९८३ च्या ‘अर्धसत्य’नंतर त्या कल्पनेलाच थोडे सरकून बसावे लागले. अलीकडे ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘कोर्ट’ (२०१४) ह्यांनी मराठी पडद्याची नजर आणखी रुंदावली.

येथे एक उलट बाजूचा आक्षेप येतो, आणि तो सहृदय माणसांकडून येतो. हा काही धंदा नव्हे, शिक्षण आहे. मग प्रत्येक इच्छुकाला काही ना काही काम का देऊ नये? मला हे पटत नाही. दयेने दिलेली भूमिका ज्याला मिळते त्याला ती दयेची आहे हे तालमीच्या दुसऱ्या दिवशी कळते, आणि नकारापेक्षा ते अधिक बोचते. शिवाय चित्र हे अनेकांचे असते. ध्वनी सांभाळणारा, प्रकाश धरून उभा राहणारा, रात्रभर जागून संकलन करणारा, ह्या सर्वांच्या श्रमांचा त्यावर हक्क आहे. मित्राला भूमिका देणे हे तर दयेहूनही वाईट. ज्याच्या घरी चित्रीकरण व्हावयाचे त्याच्या धाकट्या भावाला नायकाचा मित्र करावयाचे, हा व्यवहार विद्यार्थ्यांना निरागस वाटतो. मोठेपणी कचेऱ्यांतून हाच व्यवहार चालतो तेव्हा त्याला दुसरे नाव असते.

शिक्षणाचा मुद्दा मला वेगळ्या जागी लागू वाटतो. ऑडिशनमध्ये शिकावयाचे आहे ते मुख्यतः निवडणाराने, आणि त्याने शिकावयाचे ते पाहणे. धंदेवाल्याला वेळ नसतो. विद्यार्थ्याला तो असतो. सत्यजित राय ह्यांनी ‘पथेर पांचाली’तील अपूसाठी वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या, पुष्कळ मुले पाहिली, आणि एकही पसंत पडेना, शेवटी तो मुलगा त्यांच्या पत्नीला शेजारीच खेळताना दिसला. पाच मिनिटांचे वाचन हे माणूस पाहण्याचे एक साधन आहे, आणि तेही लाजऱ्या माणसाला प्रतिकूल. ज्याला धीट वाचता येते तोच निवडला जातो, आणि तो चांगला नट असतोच असे नाही.

निवडलेल्याविषयीचे कर्तव्य मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. व्हित्तोरिओ दे सीका ह्याच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) मध्ये बेकार बापाची भूमिका करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी हा खरोखरीचा कारखान्यातला कामगार होता. त्याचा चेहरा जगभर गेला. तो मात्र कारखान्यात परतल्यावर कामगारकपातीत सापडला, आणि पुढे सिनेमातही त्याचे बस्तान बसले नाही. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हा कांटचा दंडक वर्गात शिकविताना मला ह्या कामगाराची आठवण होते. विद्यार्थ्यांच्या चित्रात एवढे मोठे काही घडत नाही. तरीही पहाटे पाचला चहा-वड्यावर उभा केलेला, आणि संकलनात ज्याचा प्रवेश गळाला हे थेट प्रदर्शनाच्या दिवशी ज्याला समजले, असा एखादा मुलगा प्रत्येक लघुपटामागे असतो.

राहिला तो ‘कळवतो’. आपल्या समाजाला ह्या शब्दाची जुनी ओळख आहे. मुलगी पाहावयास येत, चालून दाखव म्हणत, गाणे म्हणावयास लावीत, पोहे खाऊन जात, आणि आठवड्याने निरोप येई की पत्रिका जमत नाही. पत्रिका बिचारी निर्दोष असे. त्या निरोपाने मुलीचे मन राखले जाते अशी समजूत होती. वस्तुतः राखली जाई ती पाहुण्यांची प्रतिष्ठा. रंग आवडला नाही किंवा हुंडा कमी वाटला, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने उच्चारावे लागत नसे. ‘तू भूमिकेला शोभत नाहीस’ हे पुष्कळदा आजचे पत्रिका न जमणे आहे, आणि ‘कळवतो’ म्हणून गप्प बसणे हे तर त्याच्याही पलीकडचे. तेथे पत्रिकेचीही तसदी घेतलेली नसते. आमच्याकडच्या मुलांना मी एवढेच सांगतो की, प्रत्येकाला स्वतः भेटून, दोन वाक्यांत, खरे कारण सांगा. कारण सांगताना जीभ अडखळली, तर ते संहितेतले नाही असे समजा आणि पुन्हा एकदा यादी पाहा.

आणि ती ध्वनिचित्रमुद्रणे! वीस जणांचे वाचन आता कॅमेऱ्यात साठून राहते. कोणी अडखळला, कोणाचा आवाज चिरकला, कोणाला रडू आणावयाचे होते ते आलेच नाही. आणि सायंकाळी उपाहारगृहात मोबाइलवर तेच पाहून हशा पिकतो. ज्यांची निवड झाली नाही त्यांची मुद्रणे, निकाल सांगतानाच, त्यांच्या डोळ्यांदेखत पुसून टाकावी. ह्याला खर्च काही येत नाही, आणि वेळही फारसा लागत नाही.