धुराचा बाजार

खानदेशातून उधन्याला जाणाऱ्या गाडीतली बरीच माणसं सुरतेच्या कापडावरच जगतात. सुरतेतल्या लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत जळगाव-धुळे-नंदुरबारची कुटुंबं कधीचीच स्थिरावली आहेत. कापड रंगवायला वाफ लागते, वाफेसाठी बॉयलर पेटतात, आणि त्यांत कोळसा नाहीतर लिग्नाइट जळतो. त्याची काजळी कामगार गिरणीत खातो आणि घरी आल्यावरही.

या धुरासाठी कायदा नव्हता असं नाही. 1981चा हवा प्रदूषण कायदा कडक होता: दीड ते सहा वर्षं कैद. पण कैद म्हणजे खटला, पुरावे, वर्षानुवर्षं तारखा; कारखाना बंद करावा तर शेकडो माणसं बेकार. शिक्षा इतकी जड की अधिकारी ती उचलायलाच कचरायचा. शिवाय मोजमाप होतं धुराच्या दाटपणाचं. एक घनमीटर धुरात किती कण, एवढंच पाहायचं. बॉयलर दिवसात किती तास धूर ओकतो, याचा हिशेब त्यात नव्हता.

2019 मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरतेत वेगळा प्रयोग मांडला. धुरातल्या कणांसाठी जगातला हा पहिला बाजार. धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवली आणि सहभागी कारखान्यांच्या एकत्रित उत्सर्जनाला मर्यादा घातली, सुरुवातीला महिन्याला 280 टन. बहुतेक परवाने फुकट वाटले, थोडे लिलावात काढले. ज्याने धूर कमी केला त्याने उरलेले परवाने विकायचे, ज्याला जमलं नाही त्याने घ्यायचे. हिशेब चुकला तर आगाऊ भरलेल्या अनामतीतून पैसे कापले जातात, कोर्टाची पायरी न चढता. अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकून काही कारखाने बाजारात घेतले, काही बाहेर ठेवले आणि तुलना केली. बाजारातल्यांचं उत्सर्जन 20 ते 30 टक्क्यांनी कमी भरलं.

प्रदूषणाचा परवाना विकणं अनेकांना पाप वाटतं. मला तसं वाटत नाही. फुकट धूर सोडू देणं त्याहून वाईट होतं, आणि तुरुंगाच्या धाकापेक्षा हिशेब चुकताच कापली जाणारी रक्कम मालकाला लवकर कळते. (व्यापाऱ्यांच्या या शहरात तर नक्कीच.)

माझी अडचण वेगळी आहे. मर्यादा बेरजेवर आहे, जागेवर नाही. एका टोकाच्या गिरणीने चांगली गाळणी बसवून परवाने विकले आणि पांडेसऱ्यातल्या गिरणीने ते घेतले, तर कागदावर काहीच बिघडत नाही. बाजार तर यालाच कार्यक्षमता म्हणतो. कर्बवायू कुठूनही सुटो, पृथ्वीला सारखाच. काजळीचं तसं नाही. ती जवळच्या छपरांवर आधी उतरते, आणि त्या छपरांखाली राहणारा माणूस या व्यवहारात ना विकणारा असतो, ना घेणारा.

महाराष्ट्राने 2017 मध्ये कारखान्यांना त्यांच्या धुरावरून तारे देऊन ती यादी लोकांपुढे ठेवली होती. तिथे निदान शेजाऱ्याला कुणाचा धूर किती, हे कळायची सोय होती. सुरतेच्या बाजाराला ती जोड द्यावी आणि वस्तीनिहाय मर्यादाही घालावी. त्याने परवान्यांची देवघेव आखडेल, खर्च वाढेल, मालक कुरकुरतील. तरी ती मर्यादा हवी, आणि पहिली पांडेसऱ्यासाठी.