वेचणे आणि वेचून देणे

१

एखादे गाणे प्रथमच कानांवर पडते, आपण त्याने भारले जातो, आणि तो अनुभव पुरता निवण्याआधीच मनात दुसरी एक ओढ जागी होते: हे अमक्याला ऐकवले पाहिजे. आस्वादाच्या चर्चेत आपण यांपैकी पहिल्या अवस्थेचा पुष्कळ विचार केलेला आहे. रससूत्रावरील भाष्यांपासून मर्ढेकरांच्या लयविचारापर्यंत तिचाच ऊहापोह आढळतो. दुसऱ्या ओढीला मात्र आपण स्नेहाच्या किंवा हौसेच्या खात्यात टाकून मोकळे होतो. प्रस्तुत लेखात असे सुचवावयाचे आहे की, ही ओढ आस्वादाबाहेरची नसून त्याचाच एक भाग आहे आणि म्हणूनच ती नैतिक प्रश्नांपासून मुक्त नाही. स्वतःला गवसलेले संगीत निवडून, विशिष्ट क्रमाने लावून दुसऱ्याच्या हाती देणे, ज्याला आज सर्रास ‘प्लेलिस्ट’ म्हटले जाते, हे औदार्य आहे की आपली अभिरुची दुसऱ्यावर लादणे आहे? आणि एखादी गोष्ट पुढे देण्याचा अधिकार ती केवळ आवडल्यामुळे प्राप्त होतो काय?

मराठीत या कृतीसाठी जुना शब्द आहे: ‘वेचणे’. फुले वेचतात, तसे आयुष्यही वेचतात. व्युत्पत्तीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, निवडणे आणि खर्ची घालणे हे दोन अर्थ एकाच उच्चारात नांदतात ही गोष्ट विचारार्ह आहे. १८५४ साली परशुरामपंत तात्या गोडबोले यांचा ‘नवनीत’ हा मराठी कवितांच्या वेच्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढच्या कित्येक वाचकांना मोरोपंत, वामन पंडित प्रथम भेटले ते त्या वेच्यांतूनच. वेचणाऱ्याची दृष्टी अशी नकळत इतरांची दृष्टी होऊन बसते. निवड ही निरुपद्रवी गोष्ट नाही, याची साहित्याच्या अभ्यासकाला तरी वेगळी आठवण करून देण्याचे कारण नाही.

२

कांटने १७९० च्या आपल्या तिसऱ्या मीमांसेत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. रा. भा. पाटणकरांच्या विवेचनामुळे तो मराठी अभ्यासकांना परिचित आहे. एखादे पेय रुचकर आहे असे म्हणताना ‘मला’ हा शब्द जोडण्यास आपली हरकत नसते. परंतु एखादी वस्तू सुंदर आहे असे म्हणून पुन्हा ‘मला’ जोडणे कांटच्या मते हास्यास्पद ठरते. सौंदर्यविधान इतरांच्या संमतीची मागणी करते. ती मिळेलच असे नाही, पण मागणी सुटत नाही. ऐकवण्याची जी ओढ आपण स्नेहाच्या खात्यात टाकली होती, तिचे मूळ या मागणीत आहे. मला जे सुंदर वाटले त्याबाबत मी एकटा राहू इच्छीत नाही.

पण मग कुमार गंधर्वांच्या एका प्रसिद्ध कार्यक्रमाच्या नावाचे काय करावयाचे? बालगंधर्वांची पदे निवडून ती आपल्या गळ्यातून मांडताना त्यांनी त्या मांडणीला ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे नाव दिले. येथे ‘मला’ ठळकपणे आला आहे आणि तो मुळीच हास्यास्पद वाटत नाही. याचे कारण असे की तो ‘आवडण्या’ला नव्हे, ‘उमजण्या’ला जोडलेला आहे. आवडणे माझ्यापाशी संपते. उमजणे मात्र वस्तूविषयी काही म्हणते, आणि म्हणून त्यात चुकण्याची शक्यता राहते. बालगंधर्वांचे चाहते अजून हयात आणि जागरूक असताना, त्यांची पदे कानांत साठवून बसलेल्या श्रोत्यांसमोर हे नाव धारण करणे म्हणजे ‘माझे ऐकणे तपासून पाहा’ असे म्हणणेच होते. सौंदर्य माझ्या मालकीचे नाही, पण त्याच्यापर्यंत पोहोचलेली वाट माझी आहे, आणि त्या वाटेची जबाबदारीही माझी, असा त्या ‘मला’चा अर्थ आहे. वैयक्तिक निवडीला नैतिक अधिष्ठान मिळते ते येथे.

३

मात्र देणाऱ्याचा प्रामाणिकपणा पुरेसा नाही. संगीतात तिसरा पक्षही असतो: ज्याचे गाणे आपण देतो तो. हिंदुस्थानी संगीताच्या परंपरेत नवे ऐकायला मिळणे ही गोष्ट दीर्घकाळ कोणाच्या तरी अनुमतीवर अवलंबून होती. घराण्याची चीज ही शिकस्तीने जपलेली मिळकत होती. उपजीविका तिच्यावर चाले आणि विश्वासही तिच्यावरच तोलला जाई. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी निरनिराळ्या घराण्यांतील बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या, तेव्हा ही कोंडी फुटली. लक्षात घेण्याजोगे हे की, त्यांनी संस्कृत ग्रंथ ‘चतुर पंडित’ या नावाने लिहिला आणि मराठी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ ‘विष्णुशर्मा’ या नावाने. एवढे देऊनही देणारा नावानिशी पुढे येत नाही. कुमारांचा ‘मला’ आणि भातखंड्यांचे हे टोपणनाव, ही दानाची दोन टोके होत.

याच्या उलट बाजूला केसरबाई केरकर उभ्या आहेत. ध्वनिमुद्रणाविषयीची त्यांची नाराजी सर्वश्रुत आहे. मोजक्याच ध्वनिमुद्रिका त्यांनी मागे ठेवल्या. आणि त्यांतील सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरील सुवर्णतबकडीत, जगभरातून निवडलेल्या २७ संगीतखंडांत समाविष्ट झाली. यांपैकी दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले. त्याच महिन्याच्या १६ तारखेला केसरबाई निवर्तल्या. कोणत्या श्रोत्यासाठी हे ठाऊक नसताना केलेली ही निवड. ज्या गायिकेला आपले गाणे परक्या कानी पडू देणे रुचत नव्हते, तिचेच गाणे सर्वांत दूर गेले. या विरोधाचे आपण कौतुक करतो. पण त्यात दडलेला प्रश्न विचारीत नाही. सौंदर्याची मागणी गायकाच्या अनिच्छेहून श्रेष्ठ मानावयाची काय?

माझ्यापुरता हा प्रश्न तात्त्विक उरलेला नाही. पुण्यात ध्वनिफितींचे युग सरत आले होते तेव्हा मी पदव्युत्तर वर्गात होतो. तबकडीच्या काळात कोणते गाणे कोणत्या गाण्याशेजारी बसेल हे कंपनी ठरवीत असे. कोऱ्या फितीने तो अधिकार प्रथमच श्रोत्याला दिला. सदाशिव पेठेतील एका वृद्ध रसिकांच्या घरी असा संग्रह होता. नव्वद मिनिटांच्या फिती ते स्वतः जुळवीत आणि वेष्टनावर गायकाऐवजी केवळ रागाचे नाव लिहीत. नावाच्या दडपणाशिवाय कान तयार व्हावा, हा हेतू. माझे बरेचसे ऐकणे त्यांच्या फितींवर झाले. एकदा घरगुती बैठकीची एक फीत देताना ते म्हणाले, “ही तू ऐक, पण पुढे कुणाला देऊ नकोस. बाईंनी माझ्या शब्दावर यंत्र लावू दिलं.” त्या बैठकीत गायिकेने एक अनवट राग चाचपून पाहिला होता; एका जागी त्या अडखळल्या, थांबल्या, हसल्या आणि पुन्हा निघाल्या. ते पुन्हा निघणे मला इतके मोलाचे वाटले की मी एका मित्राला प्रत करून दिली. वर्षभरात ती फीत तिसऱ्याच घरी, दहाबारा जणांत, माझ्यासमोर वाजली. कोणीतरी नेमकी अडखळण्याची जागा मागे नेऊन पुन्हा लावली आणि लोक हसले. वृद्ध गृहस्थांच्या कानी हे गेलेच. ते मला काही बोलले नाहीत. केवळ फिती देणे थांबले.

मी स्वतःचे समर्थन भातखंड्यांच्या आधारे करीत असे: दडपलेले खुले झाले तर परंपरेचे भलेच होते. या समर्थनातील चूक उशिरा ध्यानात आली. बंदिश ही पुन्हा पुन्हा गाइली जाण्यासाठीच रचलेली असते. ती विद्या आहे, आणि विद्या खुली व्हावी हे म्हणणे रास्त आहे. पण विश्वासातल्या चार माणसांसमोर केलेला चाचपडता प्रयत्न ही विद्या नव्हे. तो एक क्षण आहे आणि उपस्थितांचा भरवसा हा त्याच्या घडणीचाच अंश आहे. तो भरवसा काढून घेतला की नोंद तीच राहते, पण ऐकू येणारी गोष्ट बदलते: मला जो शोध वाटला होता, तो त्या घरी फजितीचा नमुना झाला. तेव्हा वचनभंगाने केवळ गायिकेचा अवमान झाला नाही. ज्या सौंदर्याच्या नावाने मी तो केला ते सौंदर्यच त्यात नष्ट झाले. नैतिक प्रमाद आणि आस्वादातील प्रमाद येथे एकच आहेत.

४

आज निवडीचे काम बव्हंशी यंत्रे करतात. माझ्या आधीच्या ऐकण्यावरून आणि माझ्यासारख्या असंख्यांच्या ऐकण्यावरून ती पुढचे गाणे सुचवितात, आणि पुष्कळदा चांगले सुचवितात. गाणे तेच असताना ते कोणी दिले याने काय फरक पडतो, असा आक्षेप कोणी घेईल. गाण्यात फरक पडत नाही हे मान्यच आहे. फरक पडतो तो ऐकणाऱ्याच्या बांधिलकीत. सदाशिव पेठेतील फीत पहिल्या ऐकण्यात कळली नाही, तर मी ती दुसऱ्यांदा ऐकत असे; कारण कोणीतरी आपला कान त्यावर पणाला लावलेला होता आणि नावडल्यास मला त्यांच्याशी वाद घालावा लागणार होता. यंत्राची सूचना मी दहाव्या सेकंदाला पुसून टाकतो, आणि पुसण्याचीही नोंद घेऊन ते अधिक आवडेल असे पुढे करते. त्याला ‘आवडलेले’ कळते. ‘उमजलेले’ असे त्याच्यापाशी काही नाही. ते निवडते, पण स्वतःपैकी काही खर्ची घालीत नाही. शब्दाच्या एकाच अर्थाने ते वेचते.

आपण समीक्षक आणि अध्यापक वर्षानुवर्षे याद्याच देत असतो: अभ्यासक्रम, संपादने, ‘अवश्य वाचा’ म्हणून सांगितलेली पुस्तके. त्या देताना ‘मला उमजलेले’ हे शब्द आपण किती वेळा उच्चारतो आणि किती वेळा परंपरेच्या नावामागे दडतो, हे ज्याने त्याने पाहावे. भातखंड्यांचा नामलोप हा त्याग होता. आपला बहुधा उत्तरदायित्व टाळण्याचा मार्ग असतो.

ती फीत अद्याप माझ्यापाशी आहे. त्या गायिका आज नाहीत, ते गृहस्थही नाहीत. फितीवरील चुंबकीय थर झिजत चालला आहे. ती सर्वांसाठी खुली करावी असे मला अनेकांनी सुचविले. तसे मी करणार नाही, आणि ती माझ्या कपाटात विरून जावी हेही मला योग्य वाटत नाही. बाईंच्या शिष्यांच्या हाती ती सोपवावी, पंचवीस वर्षांपूर्वी घडले ते सांगावे, आणि पुढचा निर्णय त्यांचा असू द्यावा, एवढेच मला आज उमजते.