साक्ष देणाऱ्याची बाही

दुसऱ्याचा दोष जगापुढें मांडूं पाहणाऱ्यानें प्रथम काय करावें? या प्रश्नाच्या विचारार्थ आम्ही वाचकांपुढें एक उदाहरण ठेवितों.

युरोपाच्या उत्तरेकडील थंड समुद्रांत प्लास्टिकचे बारीक कण पसरले आहेत. पांच मिलिमीटरांहून लहान कणांस सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. ते माशांच्या पोटांत किती जातात, हें संशोधक मासे चिरून पाहतात. परंतु प्लास्टिकचे तंतु आपल्या कपड्यांतूनही हवेंत उडतात. मग सांपडलेला तंतु समुद्रांतला कीं तपासणाऱ्याच्या बाहीचा, हें कसें कळावें? म्हणून ते सुती अंगरखा घालतात, आणि माशाशेजारीं एक रिकामी बशी उघडी ठेवितात. तींत जे कण पडतात, ते आपल्याकडचे समजून हिशेबांतून वजा करितात.

उत्तर समुद्रांतील हेरिंग, कॉड इत्यादि सात जातींच्या १,२०३ माशांची डच संशोधकांनीं केलेली तपासणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. शेंकडा २.६ माशांतच प्लास्टिक मिळालें. आकडा लहान म्हणून त्यांनीं तो झांकला नाहीं, कीं फुगविला नाहीं. फुगविला असता तर कोळ्याच्या पोटावर विनाकारण पाय येता. झांकला असता तर खाणाऱ्याचा विश्वासघात होता.

कोणाविरुद्ध बोलतांना आम्हांसही हाच नियम लागू नाहीं काय? राग, मत्सर, ऐकीव गोष्टी, ही आपल्याच बाहीची धूळ होय. ती वजा करून जें उरेल तेवढेंच बोलावें. आणि तें थोडें असलें तरी निर्भयपणें बोलावें.