चढावरचा सब्र

आमच्या जेऊरला घाट नाही. रेल्वे स्टेशन आहे, केळीच्या बागा आहेत, उजनी धरणाचे फुगवट्याचे पाणी जवळ आहे. पण ज्याला घाट म्हणावे असा चढ नाही. तरीही चढाविषयीचा पहिला धडा मला इथेच मिळाला. अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. पंक्चर काढणे, रिमचा आऊट काढणे, चेन बसवणे आणि तासाच्या भाड्याने सायकली देणे, हा त्यांचा धंदा. सायकल घेऊन निघणाऱ्या प्रत्येक पोराला ते एक वाक्य हमखास ऐकवत, "चढाव कू मत देख, पैडल देख. अन् पैलेच जोर मत लगा." आम्हाला वाटे, आपली सायकल मोडू नये म्हणून म्हातारा असे सांगतो.

त्या वाक्याचा अर्थ मला बी.एड.च्या वर्षी कळला. आम्ही चार-पाच मित्र सोलापूरहून तुळजापूरला सायकलवर निघालो होतो. माझी सायकल दुकानातलीच, काळी, जड, बिनगिअरची. घाटाच्या पायथ्याशी मी सगळ्यांच्या पुढे होतो. चढ दिसताच अंगात वारे शिरले आणि मी उभा राहून पायडल मारू लागलो. दुसऱ्या वळणावर छातीचा भाता झाला, मांड्या पेटल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले. सायकल रस्त्याच्या कडेला टेकवून मी दगडावर बसलो. आमच्यातला सर्वांत किरकोळ अंगाचा मित्र मान खाली घालून, एका लयीत, माझ्या अंगावरून पुढे गेला. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. त्यात अढी नव्हती. त्याचे सगळे लक्ष स्वतःच्या श्वासावर होते.

या प्रसंगातून एक प्रश्न उभा राहिला, आणि तो सायकलपुरता नाही. हातात ताकद असताना ती राखून ठेवणे हा प्रामाणिकपणा आहे की चोरटेपणा? आपल्याकडे कौतुक होते ते 'जीव तोडून' काम करणाऱ्याचे. शिक्षक म्हणून मीही वर्गात हेच शब्द शेकडो वेळा वापरले आहेत. मग जो जीव तोडत नाही, जपून वापरतो, तो कमी प्रामाणिक ठरतो का?

आधी शरीराचे गणित पाहू. सपाट रस्त्यावर वेगात जाणाऱ्या सायकलस्वाराची बरीचशी ताकद हवेला मागे सारण्यात जाते. म्हणून शर्यतीत स्वार एकमेकांच्या मागे दडून चालवतात. पुढच्याच्या आडोशाने मागच्याचे कष्ट वाचतात. चढ लागला की वेग उतरतो, हवेचा विरोध घटतो आणि झगडा उरतो तो स्वतःच्या वजनाशी. तिथे आडोशाचा फारसा उपयोग नसतो. ज्याचे वजन त्यानेच वर न्यायचे. शिवाय एका मर्यादेपलीकडे जोर लावला की शरीर जणू उसनवारीवर चालू लागते, आणि ही उसनवारी चढावरच फेडता येत नाही. ती फेडायला वेग कमी करावा लागतो किंवा थांबावे लागते. पायथ्याशी वाचवलेले एक मिनिट माथ्याजवळ पाच मिनिटे घेऊन जाते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. पण घाट संपल्यावरही पुण्यापर्यंतचा रस्ता उरतोच. घाटाचा राजा शर्यतीचा राजा होईलच असे नाही.

आता मनाचे पाहू. १९७७ साली विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक या अमेरिकी संशोधकांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. सामान्य धावपटू त्रास विसरण्यासाठी मन दुसरीकडे गुंतवतात, घराचा, कामाचा विचार करतात. अव्वल धावपटू मात्र बहुतांशी आपल्या श्वासाकडे, पायांकडे लक्ष देतात आणि त्यानुसार गती ठरवतात, असे त्यांना आढळले. अब्बांचे 'पैडल देख' यापेक्षा वेगळे काय होते? माथ्याकडे पाहणारा न आलेल्या वेदनेचे ओझेही आताच उचलतो. पायडलकडे पाहणारा फक्त आताची वेदना उचलतो, आणि ती बहुधा उचलण्याजोगी असते.

आपल्या घरांत 'सब्र' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. कोणी गेले, सब्र करो. नोकरी मिळाली नाही, सब्र करो. जणू सब्र म्हणजे हात बांधून बसणे. पण अरबी भाषेत या शब्दाच्या मुळाशी स्वतःला आवरून धरण्याचा अर्थ आहे. लगाम खेचून धरणाऱ्या स्वाराचा हात सैल नसतो. तो जोरातच असतो. चढावर जपून जाणाऱ्याचेही तसेच. तो आळशी नाही. आळशाला माथा गाठायचा नसतो. याला गाठायचा असतो, म्हणूनच तो पायथ्याशी स्वतःला आवरतो. दोघांची गती सारखी दिसेल, फरक नियतीत आहे. थोडे पण नेमाने केलेले काम अल्लाहला अधिक पसंत आहे, या आशयाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तेव्हा माझ्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: ताकद राखणे हा चोरटेपणा नाही. ज्या कामाची जबाबदारी घेतली ते शेवटापर्यंत नेण्याची ती अट आहे.

इथे थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता. पण काही वर्षांपूर्वी माझ्या दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. वडील केळीच्या गाडीवर माल भरायला जात, आई आजारी. पहाटे पाणी भरणे, भाकरी, धाकट्या भावंडांचे आवरणे, हे उरकून ती शाळेत येई. रोज रात्री एक तास अभ्यास करी. जास्त नाही, पण एकही दिवस चुकवत नसे. तिची वही संथपणे भरत होती. मी मात्र वर्गातल्या हुशार मुलांची वेळापत्रके तिच्यापुढे धरत राहिलो. "बाकीचे कुठे पोचले बघ. जीव तोडून कर, नाहीतर राहशील." जानेवारीत तिने शाळा सोडली. मला वाटले, चिकाटी कमी पडली.

ती गेल्यावर तिच्या वह्या चाळल्या. तिची गती बरोबर होती. मार्चपर्यंत ती निवांत पास झाली असती. तिला पायडलकडे बघू द्यायचे सोडून मी तिला रोज माथा दाखवत होतो.

आणि त्याहून टोचणारी गोष्ट पुढे ध्यानात आली. 'आपल्या गतीने चल' हा उपदेशही मुळात गिअर असलेल्यांचा आहे. बिनगिअरच्या जड सायकलला एका वेगाखाली जाताच येत नाही, तोल जातो. एक तर ताकदीबाहेर जोर लावायचा, नाहीतर उतरायचे. त्याला संथ जाण्याची मुभाच नसते. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीचे, तूर द फ्रान्सचे संस्थापक हेन्री देग्रांज यांना चालता चालता बदलणारे गिअर पसंत नव्हते. ते दुबळ्यांचे साधन असे त्यांना वाटे. ते बाजूला झाल्यावर १९३७ साली अशा गिअरना त्या शर्यतीत परवानगी मिळाली. त्याआधी, १९१० साली, पिरेनीज पर्वताचे मोठे घाट प्रथमच शर्यतीत आले, तेव्हा ओक्ताव्ह लापीझसारखा स्वारही काही ठिकाणी सायकलवरून उतरून चालला, आणि संतापून आयोजकांना खुनी म्हणाला. त्या वर्षीची शर्यत त्यानेच जिंकली. उतरून चालणे म्हणजे हार नव्हे. आणि रस्ता आखणाऱ्याला जाब विचारणे म्हणजे बेसब्री नव्हे.

माझ्या विद्यार्थिनीच्या पायांत ताकद नव्हती असे नाही. २००९ साली सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ जणांवर एक प्रयोग केला. नव्वद मिनिटे डोके शिणवणारे काम केल्यानंतर त्यांना व्यायामाच्या सायकलवर बसवले, आणि दुसऱ्या खेपेला मन न शिणवता बसवले. मन शिणलेले असताना ते सुमारे १५ टक्के आधी थांबले. हृदय आणि स्नायूंच्या कामात असा फरक नव्हता की त्याने हे उलगडावे. फक्त तेच कष्ट त्यांना जास्त वाटले. घरची काळजी डोक्यात घेऊन येणारे मूल नव्वद मिनिटे नव्हे, आयुष्यभर शिणून वर्गात येते. त्याला चिकाटीचे प्रवचन देणे म्हणजे त्याच्या पाठीवर आणखी एक पोते ठेवणे.

मग पुढे असणाऱ्याने काय करावे? आमच्या स्टेशनवरून मुंबईहून आलेल्या गाड्या जातात. त्या बोरघाट चढून आलेल्या असतात. १८६३ साली सुरू झालेल्या या रेल्वेघाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात. ती लोणावळ्यापर्यंत मागून रेटतात आणि मग सुटी होतात. त्या गाडीला 'जीव तोड' असे कोणी म्हणत नाही. २०१५ साली नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. एकाने चालवायची, दुसऱ्याने विसावा घ्यायचा. तिथे सब्र एकट्याचा राहिला नाही, वाटून घेतला गेला. ज्याचे वजन त्यानेच वर न्यायचे हे शरीराच्या चढावर खरे आहे. माणसांच्या चढावर ते पूर्ण खरे नाही.

दोन वर्षांनी ती मुलगी परत आली. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा होता. मी फॉर्म भरायला मदत केली आणि या वेळी कोणाचे वेळापत्रक दाखवले नाही. "रोज किती वेळ जमेल?" एवढेच विचारले. ती म्हणाली, "एक तास, सर." मी म्हणालो, "एक तासच कर." ती पास झाली. फार चांगल्या गुणांनी नाही. पण पास झाली.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी कष्ट मोजण्यासाठी ६ ते २० आकड्यांची एक पट्टी तयार केली होती. यंत्र नको, माणसालाच विचारायचे, तुला किती कष्ट वाटतात? ६ म्हणजे काहीच नाही, २० म्हणजे आता याहून शक्य नाही. हल्ली परीक्षा जवळ आली की मी मुलांना हा आकडा चिठ्ठीवर लिहायला सांगतो. नाव लिहायची सक्ती नाही. गेल्या वेळी एका चिठ्ठीवर १९ होते. त्या दिवशी मी गृहपाठ दिला नाही.