आधी त्या मुलीचा फोटो काढून टाका

फोन खाली ठेवा आणि माझ्याकडे बघा. तुमच्या संस्थांची फेसबुक आणि इन्स्टाग्रामची पानं मी पाहिली. एकेक पान, अगदी तळापर्यंत. तुमच्यात बालगृह चालवणारे आहेत, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणारे आहेत, पाड्यावर दवाखाना चालवणारे आहेत. तुमचं काम खरं आहे, म्हणून बोलायला उभी आहे. ज्यांचं कामच खोटं, त्यांच्यासाठी मी घसा कोरडा केला नसता.

काय दिसलं तुमच्या पानांवर? जयंती, पुण्यतिथी, सणाच्या शुभेच्छा, अध्यक्षांचा वाढदिवस, आमदारांच्या हस्ते उद्घाटन, शाल-श्रीफळ, पुन्हा जयंती. प्रत्येक चित्राखाली विश्वस्तांचे गोल गोल फोटो, नावाआधी 'मा.', आणि कुणाचा फोटो कुणापेक्षा मोठा यावरून झालेली भांडणंही मला ठाऊक आहेत. संस्थेचं पान म्हणजे लग्नपत्रिका नव्हे, की घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांची नावं मानाप्रमाणे आलीच पाहिजेत. तुमच्या दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविष ठेवलेलं असतं, रात्री दोन वाजता जीप निघते, हे मला तुमच्या पानावरून कळलं नाही. गावातल्या एसटी कंडक्टरकडून कळलं.

आता हा फोटो बघा. एक मुलगी आहे, नऊ-दहा वर्षांची. तिच्या हातात एक वही. त्या वहीला तिच्या दोन हातांखेरीज आणखी चार हात लागलेत. एकात सोन्याचं कडं, एकात मोठं घड्याळ. चारही मोठी माणसं कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. मुलगी बघतेय जमिनीकडे. खाली लिहिलंय, 'आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील निराधार कन्येस शैक्षणिक साहित्य वाटप', आणि पुढे तिचं पूर्ण नाव, गाव, शाळा.

हे कुणी लिहिलं ते मी विचारत नाही. मी एवढंच विचारते, लिहिताना हात थांबला कसा नाही? ती मुलगी बाल कल्याण समितीच्या आदेशाने तुमच्या बालगृहात आलेली आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ काढून वाचा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो, ओळख पटेल असं काहीही कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाच्या हितासाठी ओळख उघड करणं गरजेचं असेल, तर तसं लेखी ठरवण्याचा अधिकार समितीला आहे, तुमच्या अध्यक्षांना नाही. मुलांना मायेने सांभाळणाऱ्या संस्थेने स्वतःच्या हाताने हा गुन्हा करावा आणि त्याला शंभर 'लाइक' मिळाले म्हणून खूश व्हावं, हे मला सहन होत नाही.

आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवा. ही मुलगी उद्या कॉलेजात जाईल. वर्गातली कुणीतरी तिचं नाव शोधून बघेल आणि पहिलं काय सापडेल? बापाने फास लावून घेतला आणि हिला वही फुकट मिळाली. तिने स्वतःच्या तोंडाने कुणाला काय सांगायचं, केव्हा सांगायचं, हे तुम्ही तिच्यासाठी ठरवून टाकलंत. तीस रुपयांच्या वहीत.

'बाई, चेहरा दाखवल्याशिवाय दाते पैसे देत नाहीत.' ऐकलं मी हे, खूपदा ऐकलं. तुम्ही दुसरं काही दाखवून बघितलंत कुठे? लोकसत्तेच्या 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमात दर गणेशोत्सवात संस्थांची ओळख छापून येते आणि वाचक धनादेश पाठवतात. तो मजकूर नीट वाचा. संस्था कशी उभी राहिली, रोज काय काम चालतं, अडचण नेमकी कुठे आहे आणि पैसा आला तर तो कशावर लागेल, हे त्यात असतं. वाचणाऱ्याला एवढं पुरतं. तुम्ही मुलीच्या वहीतलं एक पान दाखवा, नाव झाकून. स्वयंपाकघरातल्या मावशी पहाटे किती भाकऱ्या थापतात ते दाखवा. मोठ्या माणसाचा फोटो घ्यायचा तर आधी त्याला त्याच्या भाषेत सांगा, हा फोटो कुठे दिसेल, कोण कोण बघेल. नको म्हणाला तर नको. आज हो म्हणून सहा महिन्यांनी नको म्हणाला, तरी त्याच दिवशी काढून टाकायचा. औषध देताना मागितलेली परवानगी ही परवानगी नसते. समोर डॉक्टर उभा असताना नाही म्हणायची हिंमत कुणाला होते?

फोटोइतकीच दुसरी एक गोष्ट मला लागली. तुमच्यातल्या एका संस्थेचा इनबॉक्स मी तुमच्याच समोर उघडायला लावला. नाशिकच्या एका निवृत्त गृहस्थांचा निरोप होता. 'दरमहा हजार रुपये देण्याची इच्छा आहे. कसे पाठवावेत, कृपया कळवावे.' निरोप आषाढातला. दिवाळी उलटून गेली, तोवर तो कुणी वाचलेलासुद्धा नव्हता. आणि तुम्ही मला सांगता, सोशल मीडियाचा काही उपयोग होत नाही!

असं का झालं तेही मी विचारून घेतलं. पान उघडून दिलं होतं समाजकार्याचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलाने, स्वतःच्या खात्यावरून. तो नोकरीला लागून गेला, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. धर्मादाय आयुक्तांकडे द्यायच्या कागदांची फाइल कुलूपबंद कपाटात ठेवता ना? मग जिथे संस्थेच्या नावाने जगाशी बोललं जातं ती जागा वाऱ्यावर कशी सोडता? पानाची सूत्रं कार्यालयातल्या दोन कायम माणसांकडे हवीत, संस्थेच्या ईमेलवर, दुहेरी पडताळणी लावून. माणूस सोडून गेला की चार्ज देताना हाही चार्ज लिहून द्यायचा. आलेल्या निरोपाला दोन दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे. रोज संध्याकाळी दहा मिनिटं बसा. पोस्ट टाकायला जमलं नाही तर चालेल, उत्तर द्यायला जमलं नाही हे चालणार नाही.

पैशाच्या बाबतीत तर तुमचा ढिसाळपणा धोक्याचा आहे. 'सढळ हस्ते मदत करा' म्हणून क्यूआर कोड टाकून मोकळे होता. प्राप्तिकरात ८०जीची सवलत मिळते की नाही, लिहिलेलं नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर ती मिळत नाही, हे सांगितलेलं नाही. दात्याचा पॅन वेळेवर घेतला नाही तर ३१ मेपर्यंत भरायच्या १०बीडी विवरणात त्याचं नाव नीट जाणार नाही आणि त्याला १०बीई प्रमाणपत्र मिळणार नाही. मग तो पुढच्या वर्षी कशाला देईल? त्यातून तुमची पोस्ट न्यू जर्सीतला मराठी माणूसही बघतो. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर त्याचे पैसे परदेशी देणगी ठरतात. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ते घेता येत नाहीत, आणि असेल तरी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावे लागतात. आडनाव मराठी आहे म्हणून नियम बदलत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिले, तर गोष्ट वेगळी. हे सगळं दोन ओळींत पानावर लिहिता येतं.

२०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे काय काय आलं, ते तुमच्यातल्या काहींनी ट्रकमधून स्वतः उतरवून घेतलंय. जुन्या कपड्यांचे गठ्ठे कुणी मागितले होते? कुणीच नाही. पण 'मदत पाठवा' एवढंच लिहिलं की लोक घरातलं नको असलेलं पाठवतात. काय हवं, किती हवं, कुठे पोचवायचं, तिथे कुणाला फोन करायचा, कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहा. आणि पुरेसं आलं की 'आता थांबा' हेही त्याच ठिकाणी ठळक लिहा. थांबा म्हणणाऱ्या संस्थेवर लोकांचा विश्वास बसतो.

तुमचे विश्वस्त तुम्हाला म्हणतात, 'आपलंही काहीतरी व्हायरल करा.' त्यांना २०१४ च्या बर्फाच्या बादलीची गोष्ट सांगा. डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेण्याची ती लाट एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनने काढलेली नव्हती, रुग्ण आणि त्यांच्या मित्रांमधून ती पसरली. संस्थेकडे ११.५ कोटी डॉलर जमले. मग संस्थेने काय केलं? त्यातले ७.७ कोटी संशोधनाला, २.३ कोटी रुग्णसेवेला, बाकीचे कशाकशाला, असा हिशेब लोकांपुढे मांडला. लाट तुमच्या हातात नाही. हिशेब तुमच्या हातात आहे, आणि तो तुम्ही एकदाही मांडलेला मला दिसला नाही.

पाणी फाउंडेशनचं नाव काढलं की तुम्ही लगेच म्हणता, त्यांच्याकडे आमिर खान होता. होता. पण २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतल्या गावकऱ्यांना त्यांनी पाणलोटाचं काम कसं करायचं हे साध्या मराठीत चित्रफितींतून शिकवलं. बघणाऱ्याच्या हाती काहीतरी लागलं. तुमची आरोग्यसेविका जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं हे पाड्यावर रोज सांगते. ती लिहीत नाही, बोलते. तिचा दीड मिनिटाचा आवाज व्हॉट्सॲपवर मागवा, कार्यालयात बसून उतरवून काढा, तिच्या नावाने टाका. याला नट लागत नाही, कॅमेरावाला लागत नाही.

व्हॉट्सॲपवर सकाळी सूर्य आणि गुलाब पाठवणं आजपासून बंद. ब्रॉडकास्ट यादीतला निरोप, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, हे तरी माहीत आहे का तुम्हाला? पावती देताना दात्याला तेवढी विनंती करायची, मग महिन्याला एकच निरोप पाठवायचा आणि तो कामाचाच असला पाहिजे.

तो फोटो आत्ता, माझ्यासमोर काढा. जिथे जिथे पुढे पाठवला असेल तिथे कळवून काढायला लावा. नाशिकच्या त्या गृहस्थांना आज चिठ्ठी जाऊ दे, उशिराबद्दल माफी मागून. शनिवारी येताना प्रत्येकाने एक पोस्ट लिहून आणायची: तुमच्याकडच्या मुलांना किंवा रुग्णांना गेल्या महिन्यात जेवायला घालायला किती खर्च आला. विश्वस्ताचं नाव नको, शुभेच्छा नकोत. किराणा दुकानदाराचं बिल सोबत आणा, आकडा मी पडताळून बघणार आहे.