तीस जणांचा चहा

ताईंनी तीस जणांचा चहा टाकला होता. आले चौघे. त्यातले दोघे तर मुलांना घरी न्यायला आले होते. आज पालकांची बैठक आहे हे त्यांना समाजमंदिराच्या दारात कळलं. कपांतला चहा पुन्हा पातेल्यात ओतताना ताई म्हणाल्या, “आपल्याकडे पालक म्हणजे सहीपुरते.” चौघांनी माना डोलावल्या. न आलेल्यांना बसायची बोलणी नेहमी आलेल्यांनाच ऐकावी लागतात.

नाशिकच्या सिडकोतला हा रविवारचा गट. 11 ते 15 वर्षांची 22 मुलं. खेळ, गाणी, कधी श्रमदान आणि डिसेंबरात एक हिवाळी सहल. सहा वर्षं ताई हा गाडा एकट्याने ओढत होत्या. पालक संमतीपत्रावर सही करत, बसभाड्याचे पैसे देत आणि सहलीच्या दिवशी मुलाला सोडताना “ताई, लक्ष ठेवा हं” म्हणत. ताईंच्या वहीत त्यांची नावंसुद्धा नव्हती. ‘सायलीचे बाबा’, ‘ओमची आई’, पुढे फोन नंबर, पुढे सही.

पुढच्या बैठकीला सात जण आले. ताई पाऊण तास बोलल्या. विषय होता, पालकांनी सहभागी होणं का गरजेचं आहे. त्यानंतरच्या बैठकीला कोणीच आलं नाही.

मग ताईंनी वहीत एक रकाना वाढवला : ‘काय येतं?’ मुलांना सांगितलं, आईबाबांना काय काय येतं ते घरी विचारून या. मुलांनी घरी विचारलं नाही. पुढच्या रविवारी चपला काढता काढता जे सुचलं ते लिहून टाकलं. ओमने लिहिलं, ‘आईला पोळ्या येतात.’ सगळे हसले, ताईही हसल्या. सायलीने लिहिलं, ‘बाबांना काही येत नाही. ते रात्री कामाला जातात आणि दिवसा झोपतात.’

हसता हसता ताईंचा हात वहीवर थांबला. पण सहल तोंडावर आली होती, त्यांनी वही मिटली.

सायलीच्या संमतीपत्रावर सही राहिली होती. ती घ्यायला ताई दुपारी चारला तिच्या घरी गेल्या. बाबा नुकते उठले होते. अंबडच्या एका कारखान्यात ते ठेकेदाराकडे रात्रपाळीला होते. सही करताना त्यांनी विचारलं, “कुठं जाणार पोरं?”

“नांदूरमध्यमेश्वरला. पक्षी बघायला.”

पेन थांबलं. “थडीला?”

ताईंना कळलं नाही.

“खानगाव थडी. माझं आजोळ. थडी म्हणजे नदीचा काठ. किती वाजता निघणार?”

“सातला.”

“मग पक्षी कसले, ऊन बघाल.” बाबा पहिल्यांदाच हसले. मग बोलतच राहिले. उजाडायच्या आत काठावर उभं राहायचं. ऊन पाठीवर घ्यायचं, नाहीतर समोरचे पक्षी सगळे काळेच दिसतात. लाल-पिवळं काही घालायचं नाही. निफाडकडचा गारठा वेगळाच, कानाला गुंडाळायला पाहिजेच. आणि पोरांना आधी नुसतं ऐकायला लावा, बघायचं नंतर.

ताईंच्या ओठांवर “तुम्हीही या ना” आलं होतं. हे वाक्य त्या सहा वर्षं बोलत होत्या आणि त्याला काय उत्तर येतं ते त्यांना पाठ होतं. त्या म्हणाल्या, “यातलं मला काहीच येत नाही हो. मी सातलाच निघाले असते. तुम्ही ठरवून द्याल का सगळं?”

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “एक खाडा पडेल.” ते ताईंना कमी आणि स्वतःला जास्त सांगत होते.

पहाटे साडेचारला निघायचं ठरलं. मग सकाळी मुलं खाणार काय? ताईंना वहीतली ओमची ओळ आठवली. ओमची आई रोज एका खानावळीला दोनशे पोळ्या लाटून देते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ओमलाही आकडा माहीत नव्हता. “पोळ्या नको,” ती माउली म्हणाली, “थंडीत बाजरीची भाकरी. तीळ लावून थापते. सोबत ठेचा आणि गूळ. पण ताई, फडक्यात बांधून नुसत्या पाठवायच्या नाहीत हं, मी वाढणार.” अभयारण्यात चूल पेटवता येत नाही म्हटल्यावर तिने दोन जुन्या गोधड्या काढल्या. भाकऱ्या त्यात गुंडाळल्या की नऊपर्यंत कोमट राहतात, असा तिचा अनुभव.

सगळंच असं जमून आलं नाही. एक बाबा ‘साडेचार म्हणजे अतीच’ म्हणाले आणि त्यांनी मुलालाही पाठवलं नाही. महागडा कॅमेरा असलेले एक पालक स्वतःहून आले आणि अर्धा वेळ त्याच्या लेन्सबद्दल बोलले.

आणि सायली फुगली. बाबा येणार हे कळल्यापासून ती धड बोलली नाही. तेराव्या वर्षी बाप मित्रमैत्रिणींसमोर नको असतो, त्यात तो ‘पोरं’ आणि ‘गारठा’ म्हणणारा असला तर मुळीच नको. ती बसमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसली. बाबांनी एकदा मागे पाहिलं आणि ते चालकाशेजारी बसले.

निफाडच्या अलीकडे द्राक्षबागांमध्ये ठिकठिकाणी जाळ दिसायला लागला. मुलं खिडक्यांना चिकटली. “शेकोट्या. पारा फार उतरला की मणी तडकतात,” बाबा म्हणाले. “धुराने आणि उबेने बाग वाचते. आता तिथं माणसं रात्रभर जागी असतील.”

तलावाच्या चापडगावकडच्या काठावर पोहोचले तेव्हा तांबडं फुटत होतं. पाण्यावर धुकं, हाताची बोटं बधिर. बाबांनी तोंडावर बोट ठेवलं आणि सगळे ऐकत उभे राहिले. आधी काहीच नाही. मग पाणी कापल्यासारखा आवाज, पंखांची फडफड, लांबून कुठूनतरी बदकांचा गलका. धुकं उठायला लागलं तसं पाणी काळ्या ठिपक्यांनी भरलेलं दिसलं.

“वारकरी,” बाबा कुजबुजले. “कपाळावरचं पांढरं गंध बघा.” दुर्बिणी फिरल्या. खरंच, प्रत्येक काळ्या पाखराच्या कपाळावर पांढरा पट्टा. मग चमच्यासारख्या चोचीचे चमचे, पंख वाळवत बसलेला पाणकावळा, चिखलात चोच खुपसणारा कुदळ्या, शेपूट नाचवणारा परीट. ताईंच्या हातात पक्ष्यांचं पुस्तक होतं, ते मिटलेलंच राहिलं. कॅमेरेवाल्या पालकांना बाबांनी वारकरी मोजायला सांगितलं. साडेतीनशेवर त्यांचा हिशेब चुकला, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. लेन्सचं नाव नंतर दिवसभर निघालं नाही.

भाकरी खाताना एका मुलाने विचारलं, “काका, हे सगळे इथंच का येतात?”

बाबांनी बंधाऱ्याकडे हात केला. 1907 ते 1913 या काळात इंग्रजांनी तो बांधला, पाटांना पाणी द्यायला. गोदावरीच्या दोन्ही तीरांचे कालवे इथूनच निघतात. पण गोदावरी आणि कादवा नुसतं पाणी आणत नाहीत, मातीही आणतात. वर्षानुवर्षं गाळ साचला, तलाव उथळ झाला. “पाणी साठवायला निम्मं कामाचं राहिलं नाही, असं म्हणायचे. त्याच गाळात पाणवनस्पती आल्या, शिंपले, किडे, मासे आले. मग ही पाखरं. 1986 ला अभयारण्य झालं, 2020 मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत नाव जाहीर झालं, आपल्या राज्यातलं पहिलं. पण पाखरं त्याच्या आधीपासून आहेत.”

“त्यांना कुणी बोलावलं?”

“बोलावून कुठं येतात? चोच घालायला जागा मिळाली की येतात.”

ओमची आई दुसरी भाकरी वाढत होती. ताईंनी ताट पुढे केलं आणि गुळाचा खडा मागितला.

परत निघाले तेव्हा ऊन चढलं होतं. रात्रपाळीच्या माणसाला सुट्टीच्या रात्रीही झोप लागत नाही. बाबा आदल्या दुपारपासून जागे होते. बस सुरू झाली आणि दोन मिनिटांत त्यांचं डोकं खिडकीवर आपटायला लागलं. मुलं मात्र भरात आली होती. कोण कुदळ्या, कोण पाणकावळा, एकमेकांना नावं ठेवणं चाललं होतं. एकाने ओरडून विचारलं, “ए, काकांना विचारा, आपल्या ताई कोणता पक्षी?”

मागच्या बाकावरून सायली उठली. हलत्या बसमध्ये दांड्या धरत पुढे आली. गळ्यातला मफलर काढून तिने त्याची घडी केली आणि काच आणि बाबांचं डोकं यांच्यामध्ये सरकवली.

“हळू बोला रे,” ती म्हणाली. “बाबा झोपलेत.”